आकडा घरच्यांना विचार
भावा, वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगतो, आपल्याकडं संडासातनं रक्त पडलं की पेशंट स्वतःच ठरवून येतो, मूळव्याध हाय नायतर तांबडा रस्सा बाधला. पण तू अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हंजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणारा आजार, डोक्यात ठेव. रात्री झोपेतनं उठून किती वेळा जावं लागतंय ते विचार, लाजून कमी सांगतात, बायकोला विचारलं की चारचे आठ होतात. दिवसात 6 किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि सोबत नाडी 90, ताप 37.8, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 30 यांच्या वर किंवा हिमोग्लोबिन 10.5 च्या खाली, यातलं एक जरी असलं तरी आजार सिव्हिअर, म्हंजे गंभीर धर, निकष 1955 चा हाय पण अजून चालतोय. जुलाब कमी होऊन पोट फुगलं तर खुश होऊ नको, लगेच एक्सरे काढ, मोठं आतडं 6 सेंमीच्या वर फुगलेलं दिसलं की सर्जनला फोन. आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या तेवढ्या लिहू नको बाबा.