नाला, ओढा, पाणथळ : अर्जात काय लिहावे?

बेळगावातील वडगावच्या एका वाचकांनी विचारले आहे की, बळ्ळारी नाल्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध अर्ज करताना ‘नाला’ लिहावे की ‘ओढा’, आणि काठच्या भातशेतीला ‘पाणथळ जागा’ म्हणता येईल काय.

‘नाला’ हा शब्द मुळात हलका नाही. शिवारातले पावसाचे पाणी वाहून नेणारा नैसर्गिक प्रवाह, हाच अर्थ ‘नाला बांध’ या शेतीतल्या रोजच्या शब्दात आजही टिकून आहे. शहरे वाढली, मैलापाणी त्यात सुटू लागले आणि नाला म्हणजे गटार अशी समजूत रूढ झाली. कायद्याने ती मानलेली नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 मधील ‘प्रवाह’ या संज्ञेत नदी, भूगर्भातील पाणी आणि वाहता किंवा तूर्त कोरडा पडलेला जलमार्गही येतो. म्हणजे चैत्रात आटलेला ओढाही त्या संरक्षणाखालीच असतो. तेव्हा रूढ नाव बदलू नये, पण ‘बळ्ळारी नाला हा नैसर्गिक ओढा’ असे पहिल्याच वाक्यात स्पष्ट लिहावे.

खरी अडचण अर्ज कन्नडमध्ये करताना येते. कन्नडमधील ‘नाले’ म्हणजे बहुधा पाटाचा कालवा, ‘चरंडी’ म्हणजे गटार, आणि आपल्या ओढ्याला तिकडे ‘हळ्ळ’ म्हणतात. अर्ज लिहून देणाऱ्याने घाईत ‘चरंडी’ लिहिले, तर सांडपाणी वाहणे हेच त्या प्रवाहाचे काम असल्यासारखे वाचले जाते. म्हणून ‘हळ्ळ’ हाच शब्द आग्रहाने घालून घ्यावा.

‘पाणथळ’चे तसे नाही. ओल धरून राहणारी जमीन बोलीत पाणथळच, परंतु 2017 च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांनी नदीचे पात्र, भातशेती आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली कामे व्याख्येतून वगळली आहेत. पुराचे पाणी अंगावर घेणाऱ्या भातखाचरांना असे बाहेर ठेवणे मला चुकीचे वाटते, आणि ही व्याख्या रुंदावण्याची मागणी नेटाने व्हायला हवी. तोवर अर्जात ‘नाल्याकाठची भातशेती’ असे लिहून 1974 च्या अधिनियमाच्या कलम 24 चा आधार घ्यावा, कारण प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडण्याची तेथील मनाई प्रवाह, विहीर आणि गटार यांच्याबरोबरच जमिनीलाही लागू आहे.