मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरील फाटक, सिग्नल आणि सांधे मोटरवर कसे चालवावेत?

आपण विचारले आहे की, १:८७ या एचओ मापाच्या लेआउटवर एक रेल्वे फाटक, एक हाताचा सिग्नल आणि चार सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) मोटरने हलवायचे असल्यास कोणत्या मोटरी घ्याव्यात आणि सगळे एका आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या लहान नियंत्रक पाटीवर, भागेल का. भागते. फाटकाच्या दोन दांड्यांना दोन, सिग्नलला एक आणि सांध्यांना चार अशा एसजी९० जातीच्या सात सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणाऱ्या) लागतील, आणि आर्डुइनो उनो या पाटीची सर्व्हो लायब्ररी, म्हणजे सर्व्हो चालवणारा तयार प्रोग्रॅम, बारापर्यंत सांभाळते. मोटर निवडायला एक संध्याकाळ पुरते. कोणती वस्तू कशानंतर आणि किती सावकाश हलावी, हे बसवायला मला दोन पावसाळे लागले.

मी बेळगावात टिळकवाडीत राहतो. येथील रेल्वे गेटांना पहिले, दुसरे, तिसरे अशीच नावे आहेत, आणि तेथे ताटकळत उभे राहण्याचा एकमेव फायदा म्हणजे फाटकाची चाल डोळ्यांत बसते. दांडी सावकाश खाली येते, आडवी होता होता रेंगाळते आणि टेकल्यावर एकदा हलकेच उसळते. एसजी९०ला मात्र नुसते ‘९० अंश फिर’ असे सांगितले, तर ती पाव सेकंदाच्या आत दांडी आपटते. म्हणून कोन एकेका अंशाने बदलावा आणि दर अंशामागे सुमारे ६० मिलिसेकंद जाऊ द्यावेत, म्हणजे पूर्ण चालीला साडेपाच सेकंद लागतात. शेवटी दोन अंश वर आणि पुन्हा दोन खाली केले की ती उसळीही साधते. हा वेळ प्रोग्रॅमला नुसते थांबवून ठेवणाऱ्या ‘डिले’ या आज्ञेने घालवू नये, कारण तेवढ्यात आर्डुइनो दुसरे काहीच पाहत नाही आणि गाडी सेन्सरवरून निघून जाते; त्याऐवजी घड्याळासारखी मिलिसेकंद सांगणारी ‘मिलिस’ ही आज्ञा वापरून वेळ मोजावा.

क्रमाचा नियम खऱ्या रेल्वेचाच घ्यावा. इंटरलॉक केलेल्या फाटकावर फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल देताच येत नाही. तसेच प्रोग्रॅममध्येही ‘दोन्ही दांड्या खाली’ ही अट पूर्ण झाल्यावरच सिग्नलचा हात हलू द्यावा. तयार सिग्नल विकत घेणार असाल तर हात कोणत्या दिशेला जातो ते आधी पाहा. आपल्याकडील जुन्या लोअर क्वाड्रंट सिग्नलचा हात खाली झुकला की गाडीला वाट मिळते, ‘सिग्नल पडला’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. काही परदेशी नमुन्यांत तो वर उचलला जातो, आणि लोंढा जंक्शन म्हणून उभारलेल्या स्टेशनावर ते डोळ्यांना खटकते.

गाडी ओळखण्यासाठी मी आधी स्लीपरच्या मध्ये इन्फ्रारेड सेन्सर बसवले होते, परंतु खोलीत तिरपे ऊन आले की गाडीविना फाटक पडू लागे. आता रुळाखाली रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारे) आहेत आणि इंजिनाखाली व शेवटच्या डब्याखाली एकेक लहान चुंबक आहे, त्यामुळे शेवटचा डबा पार झाल्याशिवाय फाटक उघडत नाही.

सांध्यांसाठी दोन कॉइलच्या मोटरी स्वस्त आणि दणकट असतात, मात्र त्यांना क्षणभरच वीज द्यायची असते. माझे एक बटण अडकून राहिले आणि कॉइल जळाली, तेव्हापासून मी सर्व्होकडे वळलो. सर्व्हो फळीखाली लावून ०.८ मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेने सांध्याची पट्टी ओढावी. सांध्यात स्वतःची स्प्रिंग असल्यास ती काढून टाकावी, नाहीतर मोटर तिच्याशी झगडत गुरगुरत राहते. फ्रॉग (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) विद्युतवाहक असेल, तर सर्व्होच्या हाताने दाबला जाणारा मायक्रोस्विच लावून त्याची ध्रुवता बदलावी.

रुळाशेजारी ऊसपट्ट्यातले एखादे गुऱ्हाळ उभारायचे असल्यास त्याच्या चरकाला ६ व्होल्टची एन२० गिअर मोटर ३ व्होल्टवर फिरवली की पुरते. तेथे आर्डुइनो नको, साधा स्विच बास.

वीजपुरवठ्यात मात्र काटकसर करू नये. अडकलेली एक एसजी९० अर्ध्या ॲम्पिअरहून अधिक प्रवाह ओढते, म्हणून सर्व्होंना आर्डुइनोच्या पिनेवरून वीज न देता ५ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा वेगळा ॲडॅप्टर द्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडावे. रुळातूनही ही वीज घेऊ नये, कारण चुकीच्या सांध्यावर इंजिन घसरून शॉर्ट झाले की रुळाची वीज तुटते आणि तोच सांधा परत फिरवता येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट घटकेत जाते, घटकेत येते, आणि दर वेळी सगळ्या दांड्या एकदम उडत असत. प्रोग्रॅममध्ये सर्व्हो जोडणाऱ्या ‘अटॅच’ या आज्ञेच्या आधी ‘राइट’ या आज्ञेने सुरुवातीचा कोन दिल्यावर आणि शेवटची स्थिती ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत) साठवू लागल्यावर ते थांबले. सिग्नल मात्र साठवलेल्या स्थितीवर सोडू नये. लाइट आली की तो धोक्यावरच सुरू व्हावा.