टेबेरी, लोगनबेरी घरी लावावी का?

जरूर लावा, पण आधी दोन गोष्टी बघा. तुमच्याकडे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते का? नसेल तर फळ नीट धरणार नाही. आणि जागा मोजा. रास्पबेरी-ब्लॅकबेरीच्या संकरातून आलेल्या या वेली, एकेक रोप तारांवर अडीच मीटर सहज पसरतं. तारा बांधायच्या नसतील तर जोस्टाबेरी घ्या. काळा करंट (ब्लॅककरंट) आणि गूजबेरी (आपला आवळा नव्हे) या झुडपांवरच्या छोट्या आंबट फळांचा संकर, झुडूप दांडगं पण बिनकाट्याचं.

सुरुवातीला एकच रोप पुरे, परागणाला जोडीदार लागत नाही.

नवखे हमखास चुकतात ते छाटणीत. टेबेरीला फळ गेल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर येतं. म्हणून फळं देऊन तपकिरी पडलेली फांदी बुडापासून कापा. यंदाची हिरवी, लवचिक फांदी तारेला बांधून जपा. सगळंच साफ केलंत तर पुढचं वर्ष कोरडं! पहिल्या वर्षी फळ दिसलं नाही म्हणून रोप उपटू नका, तो त्याचा स्वभावच आहे.

आणि लाल दिसताच तोडू नका, आंबट लागेल. गडद जांभळट, मऊसर होऊ द्या. इतकं पिकलेलं फळ प्रवासात टिकत नाही, म्हणून ते दुकानात सहसा दिसत नाही. घरी लावायचं खरं कारण माझ्या मते हेच.