घरच्या दुकानात बसलेला भाचा कामावर की बेकार?

प्रश्न : भाचा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर होता. ऑर्डरी आटल्या, आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी, आणि चार महिन्यांपूर्वी त्याला घरी बसवलं. आता तो वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधतो. पगार अर्थातच नाही. सरकारी मोजणीत तो बेरोजगार धरतात का? आणि मंदी असूनही बेरोजगारीचा दर खाली कसा येतो?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : धरत नाहीत. पीएलएफएस म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणात घरच्या धंद्याला बिनपगारी हातभार लावणाराही ‘काम करणारा’च असतो.

तिथे मोजण्याच्या फूटपट्ट्या दोन. साप्ताहिक फूटपट्टीत मागच्या सात दिवसांत एका तरी दिवशी तासभर काम केलं की माणूस रोजगारात. तासभरही काम नाही, पण शोध चालू आहे किंवा मिळालं तर करायची तयारी आहे, तर तो बेरोजगार. दोन्ही असेल तर काम वरचढ. त्यामुळे सकाळी तासभर गल्ल्यावर बसून उरलेला दिवस अर्ज घेऊन मकरपुऱ्यात फिरणारा भाचा रोजगारातच मोजला जाईल. वार्षिक फूटपट्टी मागच्या ३६५ दिवसांत जास्त काळ कशात गेला ते पाहते. त्याचे आठ महिने मशीनवर गेलेत. दुकानात पाऊलही टाकलं नसतं, तरी या दरात तो बेरोजगार दिसला नसता.

२०२० साली हेच देशभर झालं. एप्रिल ते जूनच्या टाळेबंदीत शहरांतला साप्ताहिक दर सुमारे २१ टक्क्यांवर गेला. आधीच्या तिमाहीत तो ९.१ होता. हीच तिमाही जुलै २०१९ ते जून २०२० या सर्वेक्षण-वर्षात मोडते, आणि त्या वर्षाचा वार्षिक दर निघाला ४.८ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी तो ५.८ होता! दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर. पण त्याच वर्षी एकूण काम करणाऱ्यांत शेतीचा वाटा ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर चढला. कारखाना सुटलेल्या माणसाला शेत सामावून घेतं, किराणा दुकान सामावून घेतं. मिळकत मात्र तेवढीच राहते आणि खाणारी तोंडं वाढतात. याला रोजगारवाढ म्हणणं आम्हाला पटत नाही.

हिशेब करून बघा. शंभर प्रौढांत ५४ कामावर, ६ शोधात. दर काढताना भागायचं ते शंभरने नव्हे, या साठांनी; म्हणजे १० टक्के. मंदीत सहा जणांची नोकरी गेली : ४८ कामावर, १२ शोधात, दर २० टक्के. काही महिन्यांनी त्या बारांतले पाच घरच्या दुकानात-शेतात बसले, चौघांनी कंटाळून शोध सोडला, तिघे उरले. आता ५३ ‘कामावर’, ३ शोधात, दर जेमतेम ५.४ टक्के. नवी पगारी नोकरी एकही निघालेली नाही.

म्हणून बातमी वाचताना दराआधी श्रमबल सहभाग, म्हणजे शंभरांत कामावर आणि शोधात मिळून किती, ते बघा (वरच्या उदाहरणात तो ६० वरून ५६ झाला), आणि नंतर नियमित पगारदार, नैमित्तिक मजूर, स्वयंरोजगारी आणि त्यांतले बिनपगारी मदतनीस यांचे वाटे. एप्रिल २०२५ पासूनचे मासिक आकडेही हे सर्वेक्षण देतं. ते साप्ताहिक फूटपट्टीचे असतात, वार्षिक दराशी त्यांची तुलना करू नका. रोजंदारीचे मजूर जमतात त्या कडिया नाक्यावर आठवड्यात एकच दिवस मजुरी मिळालेला माणूसही त्यांत रोजगारातच असतो.

सर्वेक्षक तुमच्या दारी आला, तर ‘मुलगा दुकान बघतो’ एवढ्यावर थांबू नका. त्याने कोणत्या दिवशी किती तास काम केलं, हे विचारलं जातं. आणखी कामाची तयारी आहे का, हेही. तास मोजून सांगा, पगार मिळत नाही हे सांगा, आणि दुसरं काम हवं आहे हे स्पष्ट सांगा. त्याची अडचण नोंदली जाण्याची जागा तीच आहे.