बारा वर्षं जुना क्युबन सिगार मिळाला आहे. तो खरंच चांगला मुरलाय का, हे ओढताना कसं पारखायचं? राख लांब टिकली म्हणजे माल उत्तम, हे खरं का?

राखेचं आधी उरकतो. लांब राख टिकली याचा अर्थ आत अख्खी पानं भरलीत, चुरा नाही, आणि वळणाऱ्याचा हात बसलेला आहे. बस. चव चांगली असेल याची ती हमी नाही. पांढऱ्या राखेचंही तेच, तो रंग पान ज्या मातीत वाढलं तिच्यामुळे येतो. तरी माणसं सिगार आडवा धरून राख निरखत बसतात. बसू द्या.

मी गोंदिया जिल्ह्यातला, बिडी कारखान्यात चेकर होतो. बायका घरी वळलेल्या बिड्या आणायच्या आणि त्यातली ढिली, कमी जर्द्याची, तोंड नीट न दुमडलेली बिडी मी छाटात टाकायचो. नंतर नंतर डोळ्यांची गरज उरली नाही, बोटंच सांगायची. आमच्या शेठजींना सिगारचा शौक होता. त्यांच्या सिडर लाकडाच्या सिगारपेटीची निगा माझ्याकडे होती, म्हणून मलाही अधूनमधून ओढायला मिळे. पेटीत आर्द्रता ६५ ते ७० टक्के लागते आणि तापमान २० अंशांच्या आसपास. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि श्रावणात माचिस पेटत नाही. उन्हाळ्यात पेटीतल्या स्पंजला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी पाजायचं, पावसाळ्यात स्पंजच काढून घ्यायचा. एवढं करूनही बुरशी येई. शेठजी म्हणायचे, ती बुरशी नाही, मुरल्याची निशाणी आहे. मी पुसून टाकायचो.

हे सगळं सांगायचं कारण आमचे साडभाऊ, म्हणजे साळीचे यजमान. राहायला नागपूरला. मुलगा परदेशातून सिगार आणतो, त्यामुळे बोलणं मोठं. साळीच्या मुलीचं साक्षगंध होतं, सडक अर्जुनीकडच्या एका गावात. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी ओसरीत बसली होती. साडभाऊंनी खिशातून नळी काढली, नळीतून सिगार काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "२००९ चा माल आहे. जितका जुना तितका भारी."

मी हातात घेतला. अंगठा आणि तर्जनीत धरून हलका दाबला, तर करकर वाजला. चांगला सिगार दाबला की थोडा दबतो आणि परत फुगतो. हा दबेना. वरचं पान निस्तेज, तेलाचा मागमूस नाही. पेटवायच्या टोकाजवळ सुईने टोचल्यासारखं भोक होतं, म्हणजे तंबाखूचा किडा. पारा पंचविशीच्या वर राहिला की त्याची अंडी फुटतात, आणि नागपूरच्या कपाटात पारा पंचविशीच्या खाली राहतो कधी? तोंडात धरायच्या टोकाची टोपी कापून न पेटवता एक झुरका ओढून पाहिला. डांबरगोळीचा वास. (शालूंच्या शेजारी ठेवले होते, हे साळीनेच नंतर आमच्या घरात सांगितलं.)

मी म्हटलं, "भाऊ, हा तर पार वाळून गेला जी."

साडभाऊ हसले. "तुमी बिडीवाले. तुमाले याच्यातलं काय समजते?"

ओसरीभर हशा झाला. मुलाकडची मंडळीही हसली. व्याह्यांसमोर काय बोलणार, गप्प बसलो. पण इथे बोलतो. संसदेने १९६६ मध्ये कायदा केला तो बिडी आणि सिगार कामगारांसाठी एकच केला, नावातच दोन्ही होती. संसदेला जे नातं दिसलं ते आमच्या साडभाऊंना दिसत नाही. पान ते पान. तेंदूचं असो नाहीतर क्युबातल्या पिनार देल रिओचं, दमट-कोरडं सांभाळलं नाही तर मेलं.

आता मुरण्याचं. सिगारचं पान वळण्याआधीच ढिगात घालून आंबवतात, त्यात अमोनिया निघून जातो. कोहिबा हा ब्रँडही १९६६ चाच, त्यातल्या काही पानांना पिंपात घालून तिसऱ्यांदा आंबवतात. पेटीतली वर्षं त्यानंतरची. त्या वर्षांत उरलासुरला तिखटपणा जातो, कडा गोल होतात, पण जोरही उतरतो. म्हणून झाडाच्या शेंड्याचं जाड पान, ज्याला लिगेरो म्हणतात, ते ज्यात भरपूर आहे तो सिगार दहा-बारा वर्षांनी खुलतो. मुळात सौम्य असलेला तितक्या वर्षांत पोकळ होतो, नुसता धूर उरतो. बिघडलेलं लोणचं दहा वर्षं बरणीत ठेवलं म्हणून सुधारत नाही. जुना तितका भारी, हे डोक्यातून काढा.

ओढताना धूर छातीत घ्यायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. मिनिटाला एखादा झुरका, जास्त नाही. घाई केली की तापतो आणि कडू होतो, मग दोष सिगारला. थोडा धूर नाकावाटे सोडून पाहा, खरी पारख तिथेच होते. मुरलेला असेल तर नाक झोंबत नाही, जिभेच्या टोकाला चरचर होत नाही, आणि धूर सोडल्यावरही लाकडाची, कोकोची, चामड्याची चव तोंडात रेंगाळते. तीन भागांत चव बदलत गेली पाहिजे. शेवटचा भाग जड होणारच. पण अर्ध्यातच डांबर लागायला लागलं तर खाली ठेवा, किंमत आठवून ओढत बसू नका. वाळलेला असेल तर पेटीत ठेवून काही आठवड्यांत हळूहळू ओल परत येते, उडालेलं तेल येत नाही.

आणि हो, छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कॅन्सरला दार उघडंच असतं. खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाने, तोंड उघडेनासं झालेली माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत, सिगार महाग आहे म्हणून तो वेगळा वागत नाही. मी सोडून दिलं.

एक राहिलं. तुमचा सिगार सुटा आहे की डब्यातला? क्युबन डब्याच्या बुडाला कारखान्याची खूण आणि महिना-वर्ष ठसवलेलं असतं, महिना स्पॅनिशमध्ये, 'एने' म्हणजे जानेवारी, 'आगो' म्हणजे ऑगस्ट. सुट्यावर असं काही नसतं, त्यामुळे सांगेल ते साल. साडभाऊंना त्याच संध्याकाळी मी म्हटलं होतं, डबा उलटा करून दाखवा. ज्या पोरीचं साक्षगंध होतं तिचं पोरगं आता शाळेत जातं, डबा अजून यायचाच आहे.