इंजिनिअरिंगची पुस्तकं आणि थर्टीफर्स्टची पार्टी, दोन्ही कसं भागवायचं?

तुम्ही लिहिलंय की खानापूरहून रोज बेळगावला ये-जा आहे, घरून मोजकेच पैसे मिळतात, पुस्तकांचे भाव बघून डोळे पांढरे झालेत आणि त्यात ग्रुपचा थर्टीफर्स्टला गोव्याचा बेत. मी म्हणेन, दोन्हीतलं काहीच सोडू नका. दोन्हीला कात्री लावा.

मीही व्हीटीयूचाच (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), आता बेळगावातच उद्यमबागेत नोकरीला. सेमिस्टर सुरू झालं की टेक्स्टबुक आणि रेफरन्सची लांबलचक यादी हातात पडते. यादी करणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा, तेव्हा किमतीचा विचार कोण करतो? ती सगळी विकत घ्यायची नसतेच. गणिताचं ग्रेवालांचं पुस्तक मात्र स्वतःचं असू द्या, बरेच दिवस पुरतं. आवृत्ती ४३ वी असो की ४४ वी, इंटिग्रेशन तेच. बदलते ती स्कीम, म्हणजे विद्यापीठाचा अभ्यासक्रम: २०१८, २०२१, २०२२ अशी. म्हणून 'लोकल ऑथर'चं, म्हणजे इथल्याच लेखकाने व्हीटीयूपुरतं लिहिलेलं, जुनं पुस्तक घेताना कव्हरवरची स्कीम आधी बघा. ती पुस्तकं अभ्यासक्रमाच्या मॉड्यूलप्रमाणे (भागांप्रमाणे) छापलेली असतात, स्कीम बदलली की निम्मी रद्दी.

फॉरेन ऑथर हवाच असेल तर इंडियन एडिशन घ्या. कागद पातळ, चित्रं काळी-पांढरी, पण मजकूर कामाचा आणि भाव कितीतरी कमी. (अमेरिकेत शिकणाऱ्या एका थाई विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशाच परदेशी स्वस्त आवृत्त्या मागवून तिकडे विकल्या. प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं, पण २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला. तिकडचे भाव काय असतील, करा कल्पना!) रेफरन्समधली एखाद-दोन प्रकरणंच लागतात, त्यासाठी लायब्ररी आहे. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. कॉलेजात सेमभर पुस्तकं वापरायला देणारी बुक बँक आहे का, तेही विचारून ठेवा. उशिरा गेलात तर फाटकी पुस्तकंच उरतात.

आता खरी गंमत. जुनी पुस्तकं घ्यायला थर्टीफर्स्टच्या आधीच्या आठवड्यासारखा मुहूर्त नाही. सीनियरांनाही पार्टीची कॉन्ट्री (वर्गणी) भरायची असते, आणि घरी मागायची सोय नसते. एरवी "निम्म्याच्या खाली देणार नाही" म्हणणारा गडी त्या आठवड्यात रोख दिसली की पुस्तकाबरोबर स्वतःच्या नोट्सही देतो. मागच्या सेमची पुस्तकं त्याला नकोच असतात. फक्त पेन्सिलीने सोडवलेली गणितं खोडायला सांगू नका, तीच तर कामाची!

आणि पार्टी? त्या रात्री गोव्यात खोल्यांचे भाव आभाळाला टेकतात. त्यापेक्षा बेळगावच्या कॅम्पात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात तिथे या. बांबू, गवत, जुने कपडे, पोटात फटाके, आणि बाराच्या ठोक्याला धडामधूम. हे बघायला पैसे पडत नाहीत. नंतर खायचं टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) ठेवा, म्हणजे एकाच्या बिर्याणीचा भार दुसऱ्यावर नाही. "काय गा, येऊलास काय नाही?" असा मेसेज आला तर सरळ सांगा, रात्री कॅम्पात भेटू. निम्मा ग्रुप मनातून हेच म्हणत असतो, फक्त आधी बोलायचं कुणी हा प्रश्न.

तरीही गोवाच ठरलं तर चोर्ला घाटात रात्री बाईक घालू नका. बेळगावहून लोंढ्यामार्गे वास्कोला गाडी जाते. जनरलचं तिकीट काढा आणि दुसऱ्या दिवशी परत या, म्हणजे खोलीचं भाडंही एकाच रात्रीचं.