अभिप्राय केस बंद होण्याआधी घ्या

समुपदेशनात किंवा समाजकार्यात केस बंद करताना मदत घेणाऱ्याकडून भरून घेतलेला अभिप्रायाचा फॉर्म त्या माणसाच्या काहीच उपयोगाचा नसतो. नाराज मंडळी तोवर यायची थांबलेली असतात, उरलेले ‘छान होतं’ लिहून मोकळे होतात. विचारायचं ते प्रत्येक सत्रात.

सुरुवातीला आउटकम रेटिंग स्केल, शेवटच्या काही मिनिटांत सेशन रेटिंग स्केल; दोन्ही त्या माणसाने भरायच्या छोट्या प्रश्नावल्या. दोन्हींत 10 सेंटीमीटरच्या चार रेघा. त्याने रेघेवर केलेली खूण पट्टीने मोजायची, एकूण गुण 40. पहिलीत त्या माणसाचं कसं चाललंय ते दिसतं, दुसरीत तुमचं-त्याचं जुळतंय का: ऐकून घेतलं गेलं का, हव्या त्या विषयावर बोलणं झालं का, पद्धत पटली का. दुसरीत 36 किंवा त्याहून कमी आले तर तिथेच बोला, पुढच्या वेळेवर ढकलू नका.

पूर्ण 40 आले तरी हुरळून जाऊ नका. ज्याची मदत तुमच्या सहीवर अडली आहे, तो कमी गुण देईल कसा? तिथे फॉर्म तुम्ही नव्हे, दुसऱ्या कुणी त्याच्याकडून नावाशिवाय भरून घ्यावा. आणि ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न टाळा. ‘आज काय राहून गेलं?’ असं विचारा. उत्तर आल्यावर स्वतःची बाजू मांडत बसलात, तर पुढच्या वेळी खरं कानावर येणार नाही. लिहून घ्या, काय बदलणार ते सांगा, पुढच्या सत्रात बदला.

तीन-चार सत्रांत पहिल्या स्केलचे गुण हललेच नाहीत, तर ती केस सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी वरिष्ठांसोबतच्या चर्चेला, न्या.